नसबंदी सोपी, तपासणी अवघड

दुसऱ्या मुलानंतर पत्नीने तांबी बसवून घेतली होती, परंतु पाळीतील अतिरक्तस्राव थांबेना म्हणून ती काढावी लागली. गोळ्यांनी तिला मळमळ होत असे, आणि नेहमीच्या वापरात केवळ निरोधवर विसंबणाऱ्या शंभर जोडप्यांपैकी सुमारे तेरा जोडप्यांत वर्षभरात गर्भ राहतो, हे डॉक्टरांकडून कळल्यावर तोही पर्याय मागे पडला. स्त्रीच्या शस्त्रक्रियेत पोट उघडावे लागते आणि ती फसण्याचे प्रमाणही पुरुषाच्या नसबंदीपेक्षा अधिक आहे, म्हणून शस्त्रक्रिया माझीच व्हावी असे आम्ही ठरवले. ‘पुरुषाला अशक्तपणा येतो’ हे आईचे पालुपद मी ऐकून घेतले. प्रत्यक्षात नसबंदीने संप्रेरकांवर कोणताही परिणाम होत नाही.

उपजिल्हा रुग्णालयात जागा बधिर करून बिनटाक्याची नसबंदी अर्ध्या तासाच्या आत आटोपली. पत्नीची सही कायद्याने आवश्यक नसूनही मागण्यात आली, परंतु ती सोबतच असल्याने मी वाद घातला नाही.

खरे अडले ते पुढे. ‘झालं, आता काळजी नाही,’ असे सांगून मला घरी पाठवण्यात आले, आणि हे वाक्यच धोक्याचे आहे, कारण नलिका कापल्यानंतरही तिच्या पुढच्या भागात शुक्राणू शिल्लक राहतात. म्हणूनच तीन महिने दुसरे साधन वापरून मग वीर्यतपासणी करावी लागते, आणि त्यात शुक्राणू आढळले नाहीत तरच नसबंदीचे प्रमाणपत्र मिळते. मी प्रयोगशाळेत गेलो तर ‘ही तपासणी इथे होत नाही’. बाह्यरुग्ण विभागात गेलो तर ‘ती प्रयोगशाळेतच होते’. कुटुंबकल्याणाच्या खिडकीवर तर ‘नसबंदी करून गेलेला माणूस पुन्हा येत नाही, तुम्हालाच कशाला हवी?’ असा प्रतिप्रश्न. शस्त्रक्रियेचा आकडा नोंदवहीत एकदा चढला की पुढच्या तपासणीत कोणालाच रस उरत नाही, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. अखेर वैद्यकीय अधिकाऱ्यांनी केसपेपरवर तपासणीचा लेखी आदेश दिला, तेव्हा ‘न होणारी’ तपासणी त्याच प्रयोगशाळेत झाली. नमुना देण्यासाठी दाखवलेल्या स्वच्छतागृहाला कडी नव्हती, त्यामुळे तो घरून आणण्याची परवानगी मी मागून घेतली. असा नमुना तासाभरात आणि थंड न होऊ देता पोहोचवावा लागतो.

अहवालात शुक्राणू नसल्याचे वाचून मला जितका आनंद झाला, तितकाच त्या खिडकीवर तो कागद ठेवतानाही झाला. प्रमाणपत्र मात्र मागितल्याशिवाय देत नाहीत. शस्त्रक्रिया फसल्यास नुकसानभरपाईसाठी ते लागते, म्हणून तपासणीचा आदेश शस्त्रक्रियेच्या दिवशीच केसपेपरवर लिहून घ्यावा. त्या दिवशी आधार देणारी घट्ट अंतर्वस्त्रेही न्यावीत, आणि आठवडाभर जड ओझे उचलू नये. दुकानातील पोती त्या काळात माझ्या धाकट्या भावाने उचलली.