वीस तारखेचं रिटर्न आणि कराडचा कॉम्प्युटर

जीएसटीचं काम करणाऱ्यांचा महिना दोन तारखांवर चालतो. 11 ला जीएसटीआर-वन, म्हणजे विक्रीचा तपशील, 20 ला थ्रीबी, म्हणजे महिन्याचं कराचं रिटर्न. जुलैत भरीला 31 तारखेची इन्कम टॅक्सची रिटर्नं. अशाच एका जुलैत, 18 तारखेला सकाळी, कराडच्या एका करसल्लागार मॅडमचा फोन आला. त्यांच्या आई पुण्यात पाय घसरून पडल्या होत्या, खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. मॅडम फक्त कपडे आणि कागद न्यायला घरी आल्या होत्या. "दादा, चार वाजता मी परत निघणार. तिथून माझा हा कॉम्प्युटर चालवता येईल असं काहीतरी करून द्या."

त्यांचं ऑफिस म्हणजे घरातली समोरची खोली. एका डेस्कटॉपवर टॅली हे हिशोबाचं सॉफ्टवेअर, साठ-सत्तर अशिलांचा सगळा हिशोब, आणि कंपन्यांची रिटर्नं भरायला लागणाऱ्या डिजिटल सहीचे यूएसबी टोकन. डेस्कटॉप उचलून पुण्याला नेता आला असता, पण त्यांची मदतनीस मुलगी शेजारच्या मशीनवरून त्याच टॅलीत बिलं चढवते. ते उचललं की दोघींचं काम थांबलं.

मी पोचायच्या आधी कोणीतरी त्यांना फोनवर सल्ला दिला होता, 'राउटरमध्ये 3389 पोर्ट उघडा, झालं.' पोर्ट म्हणजे इंटरनेटवरून आत यायचं दार, आणि 3389 हे विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपचं, म्हणजे दुरून कॉम्प्युटर चालवायच्या सोयीचं. हा सल्ला ऐकला की मला खरंच राग येतो. इंटरनेटवर असे उघडे पोर्ट शोधत फिरणारे प्रोग्राम दिवसरात्र चालू असतात, आणि फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारे कितीतरी जण याच पोर्टातून आत शिरलेले आहेत. 2019 मध्ये तर रिमोट डेस्कटॉपमध्येच अशी फट सापडली होती की पासवर्डसुद्धा लागत नव्हता. ब्लूकीप म्हणून ती गाजली. ज्या मशीनवर इतक्या लोकांचे पॅन नंबर आणि बँकेचे उतारे आहेत, ते असं उघड्यावर ठेवायचं नसतं.

तसंही तो पोर्ट उघडून काही झालं नसतं. मी अशा कामाला बसलो की सगळ्यात आधी राउटरच्या स्टेटस पानावरचा वॅन आयपी, म्हणजे त्याचा बाहेरच्या बाजूचा पत्ता, बघतो. इथे होता 100.72 ने सुरू होणारा. 100.64 पासून 100.127 पर्यंतचा पट्टा 2012 मध्ये खास इंटरनेट कंपन्यांच्या आतल्या वापरासाठी राखून ठेवलेला आहे. म्हणजे या घराला स्वतःचा सार्वजनिक पत्ताच नाही. जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते मुळात सुमारे 430 कोटी, आणि आशिया-पॅसिफिकच्या वाट्याचा साठा 2011 च्या एप्रिलमध्येच शेवटच्या कप्प्यावर आला. तेव्हापासून फायबरवाले शेकडो घरांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतात. अख्ख्या चाळीला एकच टपालपेटी असावी तसं. आतून बाहेर पत्र जातं, त्याचं उत्तरही येतं. पण बाहेरच्याने आपणहून पाठवलेलं कुठल्या खोलीचं, हे कोणाला कळत नाही. फायबरवाल्याला फोन केला. स्थिर आयपी मिळेल, वर्षाचे पैसे भरा, दोन-तीन दिवस लागतील. मॅडम चारला निघणार होत्या.

मग मुंबईच्या डेटा सेंटरमधला एक छोटा सर्व्हर महिन्याच्या भाड्याने घेतला. त्याला सार्वजनिक पत्ता असतो. घरात कपाटावर एक रास्पबेरी पाय 4 बसवला, म्हणजे एक छोटासा कॉम्प्युटर, त्याला वीज इन्व्हर्टरची. पुढे नुसतं पाय म्हणेन. त्याच्यावर वायरगार्ड. जेसन डोनेनफेल्ड यांनी लिहिलेला हा व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटमधून कुलूपबंद खासगी रस्ता करणारा प्रोग्राम, 2020 च्या मार्चपासून लिनक्सच्या गाभ्यातच आहे, आवृत्ती 5.6 पासून. मी पूर्वी ओपनव्हीपीएन लावत असे, अजूनही काही ठिकाणी लावतो, पण घरगुती कामाला आता वायरगार्डच. एक तर सेटिंगची फाइल दहा-पंधरा ओळींची. आणि ज्याची किल्ली ओळखीची नाही त्याला तो उत्तरच देत नाही. बाहेरून चाचपणाऱ्याला तिथे काही आहे याचा पत्ता लागत नाही.

पायने मुंबईच्या सर्व्हरकडे आतून बाहेर टनेल, म्हणजे तो कुलूपबंद रस्ता, लावायचा, आणि दर 25 सेकंदांना डेटाचं एक रिकामं पाकीट पाठवून तो जागता ठेवायचा, नाहीतर फायबरवाल्याच्या यंत्रातली नोंद पुसली जाते. बरेच जण इथेच थांबतात. लॅपटॉपही त्याच सर्व्हरला जोडतात, मध्ये सर्व्हर दोघांची गाठ घालून देतो आणि काम चालू होतं. पण त्यात पाकिटं त्या भाड्याच्या मशीनवर उघडली जातात आणि पुन्हा बंद होतात. अशिलांचे आकडे तिसऱ्याच्या मशीनवर क्षणभरही उघडे पडू नयेत, असं माझं मत आहे. म्हणून लॅपटॉप ते पाय असा दुसरा टनेल पहिल्याच्या पोटातून नेला. मुंबईचा सर्व्हर नुसती बंद पाकिटं पुढे ढकलतो, ती उघडायची किल्ली त्याच्याकडे नाही. टनेलमध्ये टनेल गेला की पाकिटाला जागा कमी उरते, म्हणून आतल्याचं एमटीयू, म्हणजे एका पाकिटाची कमाल मर्यादा, 1280 बाइटवर आणलं. ते राहून गेलं की पिंग, म्हणजे नुसती छोटी हाक, छान होतं आणि पडदा मात्र काळाच राहतो.

किल्ल्यांची जोडी मी मॅडमच्याच लॅपटॉपवर बनवली. खासगी किल्ली तिथून बाहेर जात नाही. व्हॉट्सअॅपवर नाही, मेलवर नाही, माझ्या पेनड्राइव्हवरही नाही. पायला फक्त सार्वजनिक किल्ली सांगायची. मॅडमनी विचारलं, "म्हणजे तुमच्याकडेपण नाही?" नाही म्हटलं. लॅपटॉप हरवला तर पायवरची ती एक ओळ काढायची, बास.

त्यांच्या घरचं नेटवर्क होतं 192.168.1 या पट्ट्यात, अर्ध्या जगाचं असतं तसं. पुण्यात भावाच्या घरच्या वायफायला काय आहे ते फोन करून बघायला लावलं. तोच पट्टा. तिथे बसून 192.168.1.10 ला हाक मारली की लॅपटॉप म्हणणार, हा तर इथलाच कोणीतरी. टनेलकडे वळणारच नाही. म्हणून कराडच्या घराचा अख्खा पट्टा बदलून 10.47.12 केला. प्रिंटर, टॅलीचा रस्ता, मदतनिसाचं मशीन, कॅमेऱ्याचा डीव्हीआर, सगळ्यांचे पत्ते नव्याने. यात दुपार गेली. हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळलं की नंतर नडतं.

टोकनचा भाग वेगळाच. विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपने आत गेलं की तो सहीचं टोकन तुमच्या समोरच्या लॅपटॉपला शोधतो. कराडच्या मशीनला लावलेलं त्याला दिसत नाही. कितीतरी करसल्लागार इथे अडकतात आणि टोकन बिघडलं म्हणतात. टोकन ठीक असतं. म्हणून व्हीएनसी लावलं, जे मशीनचा प्रत्यक्ष पडदाच दाखवतं. त्याला फक्त पायच्या पत्त्यावरून येणाऱ्यालाच दार, बाकी फायरवॉलमध्ये बंद. बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगमध्ये, लाइट आल्यावर आपोआप चालू होण्याची सोयही करून ठेवली.

साडेतीनला मॅडम मोबाइलचं हॉटस्पॉट घेऊन अंगणात गेल्या, लॅपटॉप तुळशीच्या कट्ट्यावर ठेवला. टॅली उघडलं. टोकनचा पिन विचारला गेला. चहा घेता घेता त्यांनी एकच शंका काढली, "व्हीपीएनवर सरकारने बंधन आणलंय ना?" सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेचे 28 एप्रिल 2022 चे निर्देश त्यांनी वाचले होते. त्यातलं व्हीपीएनचं बंधन लोकांना व्हीपीएनची सेवा विकणाऱ्यांसाठी आहे. ग्राहकांची नोंद पाच वर्षं ठेवायची ती त्यांनी. आपल्या घरात आपण यायला केलेल्या सोयीला ते लागू नाही.

खरी परीक्षा 20 तारखेला झाली. कराडात आदल्या रात्रीपासून पाऊस ओतत होता. सकाळी अकराला मॅडमचा फोन आला, कॉम्प्युटर लागत नाही आणि दोन कंपन्यांची थ्रीबी बाकी आहे. घरी फक्त त्यांचे सासरे, नाना. निवृत्त शिक्षक, सत्तरी ओलांडलेली. मी नानांना फोन लावला.

"नाना, भिंतीवरच्या पांढऱ्या डबीवरचे दिवे वाचून दाखवता?"

"पॉवर हिरवा. पॉन विझलाय. एलओएस लाल, लुकलुकतोय."

एवढं नीट वर्णन मला फायबरवाल्याच्या माणसाकडूनही कधी मिळालेलं नाही. पॉन हा फायबरची जोडणी ठीक असल्याचा दिवा, आणि एलओएस लाल म्हणजे फायबरमधून प्रकाशच येत नाही. वीज आहे, राउटर चालू आहे, पण बाहेर कुठेतरी वायर तुटली. नंतर कळलं, कॉर्नरला झाड पडलं होतं. संध्याकाळशिवाय काही होण्यासारखं नव्हतं.

पण अशा घरात मी एक राखीव रस्ता ठेवतोच. पायच्या यूएसबीला अँड्रॉइड फोन लागला तर बाहेर जाताना आधी तिकडूनच जायचं, असा अग्रक्रम आणि त्याचे नियम देऊन ठेवलेले असतात.

"नाना, तुमच्या फोनची चार्जरची वायर आहे ना? तिचं चपटं टोक कपाटावरच्या छोट्या डबीत घाला. दुसरं फोनला."

"घातलं. आता?"

"सेटिंग्ज, मग हॉटस्पॉट, त्यात यूएसबी टेदरिंग असेल. ते चालू करा."

थोडा वेळ नुसता पावसाचा आवाज. मग नाना म्हणाले, "निळं झालं." मी मुंबईच्या सर्व्हरवर बघत होतो. पायची नोंद जुन्या पत्त्यावर अडकलेली होती. बघता बघता तिथे मोबाइल कंपनीचा पत्ता आला आणि हँडशेकची, म्हणजे दोन्ही टोकांनी एकमेकांना ओळखल्याची, वेळ ताजी झाली. कोणीही एक अक्षर टाइप केलं नव्हतं. वायरगार्ड माणसाला पत्त्यावरून ओळखतच नाही. योग्य किल्लीने बंद केलेलं पाकीट कुठूनही आलं की तो म्हणतो, आता हा इथे आहे, आणि उत्तरं तिकडे धाडतो. मॅडमच्या लॅपटॉपला तर घराचा रस्ता बदलल्याची खबरही नव्हती. त्यांच्या लेखी मुंबईचा पत्ता तोच होता.

पडदा दिसला. पण कराडच्या कॉम्प्युटरला जीएसटीचं पोर्टल उघडेना, कारण तो अजून मेलेल्या फायबरकडेच बघत होता. मी मॅडमना फोनवरच सांगितलं, नेटवर्कच्या सेटिंगमध्ये गेटवेच्या, म्हणजे इंटरनेटकडे जायच्या दाराच्या, चौकटीत 10.47.12.2 लिहा, म्हणजे पायचा पत्ता. त्या जरा थबकल्या. "मी ज्या रस्त्याने आत आलेय तोच तुटला तर?" प्रश्न अगदी बरोबर होता. पण त्यांची पाकिटं कॉम्प्युटरला पायच्याच पत्त्यावरून येताना दिसत होती, आणि पाय तर त्याच घरातल्या पट्ट्यात. गेटवे मध्ये येतच नव्हता. त्यांनी ओके दाबलं. पडदा तसाच राहिला, पोर्टल उघडलं.

पहिल्या कंपनीचा एआरएन, म्हणजे रिटर्न भरल्याच्या पोचेचा क्रमांक, पावणेबाराला आला, दुसऱ्याचा सव्वाबाराच्या सुमारास. मोबाइलच्या रेंजवर पडदा अडखळत होता, पण सही झाली. नाना फोनवर होतेच. त्यांनी विचारलं, आता वायर काढू का, भावकीत एक फोन करायचाय. म्हटलं, फोन करा, फक्त वायर काढू नका, पॉनचा दिवा हिरवा होऊन टिकला की मग काढा. संध्याकाळी साडेसहाला त्यांचाच फोन आला, "पॉन हिरवा, एलओएस विझला." पाय परत फायबरवर गेला, मॅडमनी गेटवे पूर्ववत केला.

फायबरवाल्याने चार दिवसांनी स्थिर आयपीचं विचारलं. मॅडमनी मला विचारलं, मी नको म्हणालो. त्या पैशांत नानांच्या फोनऐवजी कायम लावून ठेवता येईल असं एक डोंगल आणि सिमकार्ड घ्या म्हटलं, ते घेतलं. ऑगस्टपासून मदतनीस मुलीलाही घरून काम करायचंय. तिच्या लॅपटॉपवर तिची स्वतःची किल्ली बनवायची, आणि तिला फक्त टॅलीपर्यंत जाऊ द्यायचं, कॅमेऱ्यांकडे आणि सहीच्या टोकनकडे नाही. ते नियम लिहायला येत्या रविवारी जातोय.