आमची वाटचाल : जाळं अडकलं तिथून

वेंगुर्ल्यातल्या डच वखारीच्या पडक्या भिंतींत आमचं लहानपण गेलं. १६३७ साली डचांनी इथे वखार घातली, हे शाळेत कळलं. पण तिथे माल घेऊन येणाऱ्या जहाजांचं पुढे काय झालं, हा विचार मनात यायला मला पस्तिशी गाठावी लागली.

सतरा वर्षांपूर्वी दोन पाणबुडे, एक भाड्याची होडी आणि एक जुना कॉम्प्रेसर घेऊन आम्ही काम सुरू केलं. जेट्टीचे खांब तपासायचे, बार्जच्या तळाला चिकटलेले शिंपले खरवडायचे, पंख्यात अडकलेले दोर कापायचे. आजही आमचं घर चालतं ते बंदरांच्या सर्वेक्षणावर. बुडालेली जहाजं शोधायचं काम हंगामातले जेमतेम दोन-तीन महिने, पण आमची ओळख त्या कामामुळे झाली.

त्याची सुरुवात एका म्हाताऱ्या तांडेलामुळे, म्हणजे मच्छीमार होडीच्या नाखव्यामुळे, झाली. बारा वाव पाण्यात एका जागी त्यांची जाळी दरवर्षी अडकायची. मी म्हटलं, खडक असेल. ते म्हणाले, "झिला, थंय फातर नाय, लोखंड आसा. फातरार जाळां फाटता, लोखंडार कापता." त्यांनी जीपीएसचा आकडा दिला नाही. डोंगराचं टोक देवळाच्या शिखरावर आलं आणि दुसऱ्या बाजूला अमुक माड दिसला की ती जागा, एवढंच सांगितलं. तो माड कधीच पडला होता. पहिल्या वर्षी आम्हाला वाळूशिवाय काही मिळालं नाही.

दुसऱ्या वर्षी कर्ज काढून साइड-स्कॅन सोनार, म्हणजे आवाजाने समुद्रतळाचं चित्र काढणारं यंत्र, घेतला आणि लोखंड हेरणारा मॅग्नेटोमीटर भाड्याने आणला. शेतात नांगराची तासं पडतात तशा समुद्रावर सरळ रेषा मारायच्या, एक संपली की शेजारची. सोनार आवाजाच्या लाटा तिरप्या सोडतो, त्यामुळे तळावरच्या वस्तूमागे सावली पडते. नुसत्या ठिपक्यापेक्षा ती सावलीच जास्त बोलते : खडकाची वेडीवाकडी, माणसाने घडवलेल्या वस्तूची सरळ कडेची. मॅग्नेटोमीटर लांब केबलने होडीच्या बराच मागे ओढायचा, नाहीतर तो आपल्याच इंजिनाचं लोखंड दाखवतो. आपल्या किनाऱ्यावर पृथ्वीचं चुंबकत्व ४० हजार नॅनोटेस्लाच्या आसपास. तिथे काही दहा-वीस आकड्यांचा हिसका बसला तरी आम्ही होडी वळवतो. त्या वर्षी जानेवारीत असा हिसका बसला. तांडेलांनी सांगितलेल्या जागेपासून फार दूर नव्हे. खाली गेलो तर वाळूत अर्धा रुतलेला जहाजाचा नांगर आणि गंजाने एकजीव झालेला लोखंडाचा ढीग.

बारा वाव म्हणजे साधारण २२ मीटर. तिथे एका बुडीत जेमतेम अर्धा तास मिळतो. त्या अर्ध्या तासात माझ्या हातून जी चूक झाली, ती मी इथे मुद्दाम लिहितो. वाळूखाली लाकडी कप्पी दिसली, चाकासकट शाबूत. मी ती वर आणली आणि ओसरीवर वाळत ठेवली. दहा दिवसांत तिला भेगा गेल्या, महिनाभरात तुकडे पडले. समुद्राखाली लाकडातल्या पोकळीत पाणी भरलेलं असतं, तेच त्याचा आकार धरून ठेवतं. पाणी गेलं की लाकूड आक्रसतं. लोखंडाचंही तसंच. त्यात मुरलेला क्षार हवेत आल्यावर त्याला आतून खातो. स्वीडनचं व्हासा हे बुडालेलं लाकडी जहाज १९६१ साली बाहेर काढल्यावर त्याच्यावर १७ वर्षं संरक्षक द्रावण फवारावं लागलं. मी एक कप्पी दोरीला टांगून वाळवली. त्या दिवसापासून आमच्या होडीवर नियम आहे : मोजायचं, फोटो काढायचे, जागा नोंदवायची आणि वस्तू आहे तिथेच ठेवायची. जागेची माहिती जाते ती पुरातत्त्व खात्याकडे.

याचं शिक्षण आम्हाला दोनापावल्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या कामातून मिळालं. गोव्याजवळच्या सुंची खडकावर त्यांच्या लोकांनी १७व्या शतकातल्या पोर्तुगीज जहाजाचे अवशेष शोधले : तोफा, हस्तिदंत, पाणघोड्याचे दात, ब्रह्मदेशातल्या मार्तबानचे रांजण. पण मला जास्त भिडलं ते सेंट जॉर्ज खडकाजवळचं जहाज. त्यात सोनंनाणं नव्हतं, भाजक्या मातीचा माल होता : कौलं, फरशा, खांबांचे भाग. त्यांवर बासल मिशन या ख्रिस्ती संस्थेच्या कारखान्याचा शिक्का आणि १८६५ हे साल. मंगळुरातला तो कारखाना त्याच वर्षी निघाला, म्हणजे जहाज त्यानंतरच बुडालं असणार. तसली मंगळुरी कौलं अर्ध्या कोकणाच्या घरांवर आहेत. आमच्या माजघरावरचं कौल उलटून मी शिक्का पाहिला, तेव्हा पहिल्यांदा वाटलं की समुद्रतळ आपल्या घराला लागूनच आहे.

सोनं शोधून द्या, अर्धं तुमचं, असं म्हणणारी माणसं वर्षाला दोन-तीन तरी येतात. चहा पाजून आम्ही त्यांना परत पाठवतो. कायद्याने ते सोनं आमचंही नाही आणि त्यांचंही नाही. शिवाय एकदा खणलेली जागा परत वाचता येत नाही. पैशांची ओढाताण असलेल्या वर्षात हे काम नाकारणं सोपं गेलं नव्हतं. एका हंगामात पगार दोन महिने थकले होते, तरी कुणी सोडून गेलं नाही.

आज आम्ही नऊ जण आहोत. त्यातली तीन मुलं मच्छीमारांच्या घरातली, त्यांना पाण्याची नजर उपजत आहे. आमच्याकडे एक वही आहे. जाळं कुठे अडकलं, किती वावांवर, कापलं की फाटलं, हे आम्ही वेंगुर्ल्यापासून निवतीपर्यंतच्या तांडेलांकडून विचारून लिहितो. त्या म्हाताऱ्या तांडेलांच्या नावाने वहीचं पहिलं पान आहे. ते गेल्या पावसाळ्यात गेले.

पावसानंतर पाणी निवळायला डिसेंबर उजाडतो. यंदा वेंगुर्ला रॉक्स या समुद्रातल्या खडकाळ बेटांच्या दक्षिणेकडे रेषा मारायच्या आहेत. वहीत त्या पट्ट्यात चार नोंदी आहेत, आणि चारही "कापलं" अशा.