काढता आलं पाहिजे

मागच्या वर्षी स्वारगेटला साताऱ्याच्या गाडीत चढताना बाबांचा फोन गेला. शर्टाच्या वरच्या खिशातला. हातात पिशवी, मागून रेटारेटी, आणि सीटवर बसून तिकिटाला सुट्टे काढायला गेले तर खिसा रिकामा. शेजारच्या माणसाचा फोन मागून त्यांनी मला कॉल केला आणि पहिलं वाक्य काय, तर "तुझा नंबर तेवढा पाठ होता म्हणून बरं."

नशीब एवढंच की बाबा कुठल्याच वस्तूचं खोकं टाकत नाहीत. कपाटाच्या वरच्या फळीवर फोनचं खोकं होतं, त्याच्या बाजूला स्टिकर, स्टिकरवर पंधरा आकडी आयएमईआय नंबर, म्हणजे त्या फोनची स्वतःची ओळख, दोन सिमचे दोन. पोलिसात तक्रार दिली, जुन्याच मोबाइल नंबरचं डुप्लिकेट सिम काढलं कारण ओटीपी त्याच्यावरच येतो, आणि संचार साथी या दूरसंचार खात्याच्या वेबसाइटवर (तिचं ॲपही आहे) जाऊन तक्रारीची कॉपी, बिल, आयएमईआय सगळं भरून फोन ब्लॉक केला. एकदा तो आयएमईआय ब्लॉक झाला की त्या फोनमध्ये देशातल्या कुठल्याही कंपनीचं सिम टाका, नेटवर्क मिळत नाही. फोन परत मिळाला नाही पण बाबांचा जीव शांत झाला, त्यात त्यांचे फोटो होते, बँकेचं ॲप होतं, सगळंच होतं.

हे आधी सांगते कारण पुढे जे लिहिणारे ते वाचून कुणी म्हणेल हिला सरकारी ॲप म्हटलं की नावच नकोय. तसं अजिबात नाही. आपल्या नावावर किती सिम चालू आहेत ते तिथे कळतं, सेकंडहँड फोन घ्यायच्या आधी तो चोरीचा तर नाही ना हे बघता येतं, फसवणुकीचे कॉल कळवता येतात. चांगली सोय आहे. मी चारचौघांना स्वतः सांगितलीये.

आणि म्हणूनच 1 डिसेंबर 2025 ला बातमी आली तेव्हा मला जास्त लागलं.

बातमी अशी होती की दूरसंचार खात्याने 28 नोव्हेंबरला मोबाइल कंपन्यांना आदेश दिलाय, भारतात विकायच्या प्रत्येक नव्या फोनमध्ये संचार साथी ॲप आधीच टाकलेलं पाहिजे, मुदत 90 दिवस. जे फोन बनून दुकानात पोचलेत त्यात सॉफ्टवेअर अपडेटमधून ढकला. आणि त्यात एक वाक्य होतं ते मी तीन-चारदा वाचलं, की फोन पहिल्यांदा चालू करताना ॲप समोर दिसलं पाहिजे आणि त्याच्या सुविधा बंद करता येणार नाहीत किंवा त्यांच्यावर मर्यादा घालता येणार नाही. हा आदेश लोकांसाठी जाहीर केलेला नव्हताच, कंपन्यांना गेला होता, पत्रकारांनी बाहेर काढला म्हणून आपल्याला कळलं.

दुसऱ्या दिवशी मंत्री ज्योतिरादित्य शिंदे म्हणाले की नको असेल तर डिलीट करा, ॲप ऐच्छिक आहे. आणि 3 तारखेला सरकारने सक्तीच मागे घेतली, म्हणजे तीन दिवसांत विषय संपला. ॲप 1.4 कोटी लोकांनी आपणहून डाउनलोड केलंय, त्यामुळे सक्तीची गरज उरली नाही असं कारण दिलं.

मागे घेतलं हे चांगलंच झालं, मनापासून वाटतं. पण माझ्या डोक्यातून ते दोन दिवस जात नाहीत. कागदावर लिहिलंय की बंद करता येणार नाही, आणि तोंडाने सांगतायत की खुशाल काढून टाका, यातलं मी कुठलं धरू? नंतर म्हणाले की ते कलम कंपन्यांसाठी होतं, त्यांनी ॲप अर्धवट किंवा मोडकं टाकू नये म्हणून. मान्य, असेलही. मग ‘वापरणाऱ्याला ॲप काढता येईल’ ही एक ओळ त्याच कागदावर लिहायला काय हरकत होती? उद्या फोन कंपनीचा इंजिनीअर बसणार तो समोर आदेश ठेवून बसणार, पत्रकार परिषदेचा व्हिडिओ लावून नाही, आणि आदेशात जे लिहिलंय तेच फोनमध्ये उतरणार.

आता आधीच टाकलेलं ॲप आणि आपण टाकलेलं ॲप यात फरक काय, हे जरा सांगते कारण घरी, ऑफिसात बऱ्याच जणांना वाटलं एवढं काय त्यात, फोनमध्ये आधीच पंधरा फालतू ॲप येतातच की. अँड्रॉइडमध्ये आपण प्ले स्टोअरवरून टाकलेलं ॲप एका वेगळ्या खोलीत राहतं असं समजा, कॅमेरा पाहिजे तर विचारणार, एसएमएस पाहिजे तर विचारणार, आणि नको झालं तर दाबून धरा आणि काढून टाका. कंपनीने फोनसोबत दिलेलं ॲप मात्र सिस्टिमच्या भागात बसवता येतं, तिथे काही परवानग्या न विचारता आधीच देऊन ठेवता येतात, आणि ‘काढून टाका’ हे बटणच नसतं, फार तर ‘बंद करा’ असतं. आदेश शब्दशः पाळला असता तर ते ‘बंद करा’ सुद्धा गेलं असतं. आणि देशातल्या प्रत्येक फोनमध्ये एकच ॲप, तेही सिस्टिमच्या अधिकाराने, म्हणजे त्यात एक भोक सापडलं की सगळ्यांचीच दारं उघडी. हेतू कितीही चांगला असला तरी हे राहतंच.

मी पुण्यात सर्व्हर सांभाळायचं काम करते, त्यामुळे सॉफ्टवेअरवर विश्वास म्हटलं की मला पहिल्यांदा 29 मार्च 2024 ची रात्र आठवते. गुड फ्रायडेची सुट्टी होती, जेवणं झाली होती, आणि आमच्या टीमच्या ग्रुपवर मेसेज यायला लागले की एक्सझेड बघा, एक्सझेडचं व्हर्जन बघा. एक्सझेड म्हणजे फाइल छोटी करून ठेवणारं एक साधं टूल, जगातल्या बहुतेक लिनक्स सर्व्हरवर असतं आणि कुणी त्याच्याकडे कधी ढुंकून बघत नाही. त्याच्या 5.6.0 आणि 5.6.1 या व्हर्जनमध्ये चोरदरवाजा बसवला होता. असा की ज्याच्याकडे एक ठराविक किल्ली आहे त्याला सर्व्हरमध्ये पासवर्डशिवाय घुसता यावं.

आणि तो कुणी बसवला, तर ‘जिया टॅन’ या नावाने वावरणाऱ्या कुणीतरी, जो दोन वर्षांहून जास्त काळ त्या प्रोजेक्टमध्ये गोड बोलून, चांगलं काम करून, हळूहळू घरातला झाला होता. मूळ सांभाळणारे लासे कॉलिन हे एकटे, फुकट काम करणारे, त्यात तब्येतीने त्रासलेले, आणि त्याच काळात बाकीची काही अनोळखी खाती त्यांच्या मागे लागली होती की तुम्हाला जमत नसेल तर दुसऱ्याच्या हातात द्या. त्यांनी दिलं. मला त्या माणसाचं फार वाईट वाटतं अजूनही. वर्षानुवर्षं जगाचं काम फुकट करायचं आणि शेवटी आपल्या थकव्याचाच कुणीतरी असा फायदा घ्यायचा.

पकडलं कसं ते तर मी प्रत्येक नव्या पोराला सांगते. आंद्रेस फ्रॉइंड नावाचा इंजिनीअर, पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारा, त्याला आपल्या मशीनवर एसएसएचने, म्हणजे दुरून सर्व्हरमध्ये शिरायच्या नेहमीच्या वाटेने, लॉगिन व्हायला नेहमीपेक्षा साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं. अर्धा सेकंद. दुसरा कुणी असता तर चहा घेऊन आला असता. तो मागे लागला, एक एक पदर सोडवत गेला, आणि तळाशी हे सापडलं. आम्ही त्या रात्री एकेका सर्व्हरवर जाऊन व्हर्जन बघत होतो, सगळीकडे जुनं 5.2 निघालं, बारा वाजून गेले तरी कुणी झोपायचं नाव घेत नव्हतं.

एक्सझेडचा कोड उघडा होता, कुणालाही वाचता येईल असा, तरी चोरदरवाजा बसला, हे खरंय. उघडा कोड म्हणजे सुरक्षित असं मी कधीच म्हणणार नाही. पण एका माणसाला शंका आली आणि त्याला आत जाऊन बघायची कुणाची परवानगी लागली नाही, आणि सापडल्यावर ज्यांच्याकडे ते व्हर्जन होतं त्यांना ते उपटून जुनं बसवता आलं. बघता येणं आणि काढता येणं. ज्या ॲपचा कोड बघता येत नाही आणि जे काढताही येत नाही, त्यात उद्या असा अर्धा सेकंद कुणाला जाणवला तर त्याने करायचं काय?

आणि सरकारला कोड उघडा ठेवणं जमत नाही असंही नाही ना. कोविडच्या वेळचं आरोग्य सेतू ॲप आठवतंय का, 2 एप्रिल 2020 ला आलं, महिन्याभरात ऑफिसात जाणाऱ्या सगळ्यांना सक्तीचं केलं, मग ओरड झाली, 17 मे च्या नव्या सूचनांमध्ये भाषा मऊ केली आणि 26 मे ला त्याच्या अँड्रॉइड ॲपचा कोड जगासमोर ठेवला, चुका दाखवणाऱ्याला बक्षीससुद्धा जाहीर केलं. मला तेव्हा अभिमान वाटला होता. पुढे ऑक्टोबरमध्ये माहिती अधिकारात कुणीतरी विचारलं की हे ॲप बनवलं कुणी, तर धड उत्तर मिळेना, केंद्रीय माहिती आयोगाला नोटीस काढावी लागली. म्हणजे दोन्ही बाजू एकाच ॲपमध्ये बघून झाल्यात. साडेपाच वर्षांनी पुन्हा पहिल्यापासून, आधी सक्ती, मग ओरड, मग माघार.

यात अजून एक तारीख आहे. डेटा संरक्षणाचा कायदा 2023 च्या ऑगस्टमध्ये झाला, त्याचे नियम यायला 14 नोव्हेंबर 2025 उजाडला. त्या कायद्याचा गाभाच संमती आहे, माणसाला कळेल अशा भाषेत विचारा, मोकळेपणाने हो म्हणू द्या, आणि दिलेली संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज परत घेऊ द्या. सरकारी यंत्रणांना त्यात मोठ्या सवलती आहेत हे मला माहितीये आणि ते मला पटत नाही. पण नियम येऊन दोनच आठवडे झाले होते आणि हा आदेश निघाला. दूध विकणाऱ्या ॲपसाठी जे नियम, ते आमच्या फोनमध्ये शिरणाऱ्या सरकारी ॲपला का नको?

डिसेंबरात गावी गेले होते तेव्हा बाबांच्या नव्या फोनमध्ये संचार साथी टाकलं. हो, टाकलं. त्यांनीच विचारलं होतं, पेपरात वाचून. ओट्यावर ऊन खात बसलो होतो, त्यांनी चष्मा लावला आणि मी म्हणलं, आता प्रत्येक पाटी वाचायची. त्यांची सवय म्हणजे पाटी आली की अंगठा खाली, "अगं दाब की पुढं, त्यात काय वाचायचं." पहिली पाटी कॉल करण्याची परवानगी, मग एसएमएस. नोंदणीसाठी आपल्या नंबरवरून एक एसएमएस जातो, त्यामुळे ती दिली, नोंदणी झाल्यावर सेटिंगमध्ये जाऊन काढून घेतली. कॅमेरा खोक्यावरचा बारकोड स्कॅन करायला लागतो, त्याला म्हणलं ‘फक्त या वेळी’. कॉलची यादी दिली नाही. बाबा शांतपणे बघत होते. मग त्यांच्या नावावरची सिम बघितली, दोनच निघाली, दोन्ही त्यांचीच.

"आणि हे नको झालं तर?" त्यांनी विचारलं.

मी फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी आयकॉन दाबून धरला, छोटी पाटी वर आली, ‘अनइन्स्टॉल’. त्यांनी ते वाचलं, मोठ्याने वाचलं, बोट उचललं आणि ॲप तसंच ठेवलं.