काजळच्या अंगावरची भर

रविवार, रात्री उशिरा

"घोडी फार गोड आहे. अंगावर थोडी भर असती तर वर घेतली असती."

कालच्या तट्टांच्या प्रदर्शनात परीक्षक एवढंच म्हणाले. चांगल्या मनाने म्हणाले, हसून म्हणाले, काजळच्या मानेवरून एकदा हात फिरवला आणि पुढच्या तट्टाकडे वळले. तरी आज दिवसभर ते वाक्य माझी पाठ सोडत नाहीये. सकाळी कुरणातली तार सरकवताना तेच, दुपारी कणीक मळताना तेच. लेक विचारून गेली, "आई, अजून त्याचंच चाललंय?" हो म्हटलं, चाललंय.

पाचवा नंबर आला याचं वाईट वाटलं का? वाटलं. पण ते गाडीत बसेपर्यंत ओसरलं होतं. हे दुसरंच काहीतरी आहे आणि ते कुठे टोचतंय ते कळत नाही, म्हणून वही उघडली.

ही भर अंगावर चढू नये म्हणून तर मी हिवाळा संपल्यापासून झटतेय.

तो एप्रिल आठवला की अजून पोटात गोळा येतो. रात्री दव गोठलेलं, सकाळी लख्ख ऊन पडलेलं आणि काजळ कुंपणाशी उभी. पुढचे दोन्ही पाय पुढे ताणलेले, सगळा भार टाचांवर. हाक मारली तर कान हलवले, पाय हलवेना. खुराला हात लावला तर गरम. घोट्याच्या मागे बोट टेकवलं तर नाडी ठणठण उडत होती. एरवी तिथली नाडी शोधावी लागते. डॉक्टरीणबाईंनी गाडीतून उतरता उतरताच सांगितलं, लॅमिनायटिस. खुराचं कवच आणि आतलं हाड यांना धरून ठेवणारे जे पापुद्रे असतात ते दुखावतात, आणि फार बिघडलं तर हाड जागेवरून सरकतं. मग पुढचं कोणी मोठ्याने बोलत नाही.

आणि हे सगळं कशामुळे, तर हिरव्यागार गवतामुळे. दिवसा ऊन असतं म्हणून गवत साखर तयार करतं, रात्री गारठा असतो म्हणून वाढत नाही, आणि ती न वापरलेली साखर पात्यात तशीच साठून राहते. शेटलंडच्या तट्टाला ती पेलत नाही. ही जात स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या ज्या बेटांवर घडली तिथे झाडसुद्धा शोधावं लागतं. 60 अंश उत्तरेचा वारा, हेदरची झुडपं, खुरटं गवत, आणि भर हिवाळ्यात तेही संपलं की किनाऱ्यावर उतरून समुद्राने टाकलेलं शेवाळ खायचं. अशा उपासमारीतून तगलेलं जनावर आम्ही इथे स्कॉटलंडच्या मुख्य भूमीवर, अ‍ॅबर्डीनशायरच्या कुरणात आणून ठेवलंय, जिथल्या गवतावर मांसाचे बैल पोसले जातात.

तेव्हापासून काजळचं सगळं मोजूनमापून. वैरण रात्रभर पाण्यात भिजवायची, म्हणजे साखर निघून जाते. सकाळी त्या टबात चहासारखं तांबूस पाणी उरतं, ते नाल्यापासून लांब ओतायचं. कुरणात तार लावून रोज पावलाभराची पट्टी मोकळी करायची. वसंतात तोंडाला जाळीचं मुसकं, त्याला तळाशी एक भोक, त्यातून येतील तेवढीच पाती. मुसकं चढवताना ती माझ्याकडे बघते. मी तिच्याकडे बघत नाही. शेजारच्या शेतातली जनावरं गुडघाभर गवतात रवंथ करत बसलेली असतात आणि ही भोकातून एकेक पातं ओढत असते. हे मी करते. रोज करते. आणि बरगड्यांवरून हात फिरवून खात्री करते की हाताला बरगड्या लागतात, डोळ्यांना दिसत नाहीत. डॉक्टरीणबाईंना हवी होती नेमकी तशी आहे ती आत्ता.

काल नेमकी तशीच रिंगणात उतरली होती.

खरारा करून करून माझे खांदे भरून आले होते. हिवाळ्याचा दुहेरी केसांचा झूल एकदा झडला की खालचं उन्हाळी अंग असं तुळतुळीत निघतं की काळ्या रंगात आभाळ दिसतं. आयाळ आणि शेपटीला कात्री लावायची नाही, वेणी घालायची नाही, शेटलंडचं तट्टू जसं आहे तसंच दाखवायचं असतं. मला ही रीत फार आवडते. पांढरी मोरखी धुऊन वाळवून ठेवली होती. सकाळी धुकं होतं, अकराच्या सुमारास उघडलं. शिंगरू नसलेल्या, चार वर्षांवरच्या घोड्यांचा वर्ग. आधी सगळ्यांनी मिळून गोल फिरायचं, मग ओळ, मग एकेकीने परीक्षकांसमोर चारही पाय दिसतील असं उभं राहायचं, दूर चालत जायचं आणि दुडकत परत यायचं. काजळ उभी राहिली तेव्हा मान अशी उचलली होती की मीच बघत राहिले.

पहिली आलेली घोडी खरोखर चांगली होती. हे मी स्वतःला बजावून लिहितेय. खांदा छान तिरका, पाठ आखूड, छाती रुंद, चालताना मागचे पाय सरळ रेषेत. हाडही दणकट. मी परीक्षक असते तरी तिला पहिल्या दोघींत धरली असती. मग तक्रार कशाची?

परीक्षकांच्या नजरेचा विचार करत होते मघाशी भांडी घासताना. ती नजर काही त्यांनी एकट्याने घडवलेली नाही. ब्रिटनमध्ये 1842 च्या कायद्याने बायकांना आणि दहा वर्षांखालच्या मुलांना खाणीत उतरवायला बंदी झाली. कोळसा तर ओढायचाच होता, मग बुटक्या बोगद्यांतून मावतील अशी तट्टं हवी झाली. कोळशाच्या खाणी असलेल्या सरदाराने, लंडनडेरीच्या मार्क्वेसने, 1870 च्या सुमाराला शेटलंडच्या ब्रेसी आणि नॉस या बेटांवर स्टड, म्हणजे पैदाशीचा तबेला, काढला तो याचसाठी. अंग होईल तेवढं भारी, जमिनीला होईल तेवढं लगतं. 1890 मध्ये वंशावळीची नोंदवही सुरू झाली, तीत त्या स्टडची तट्टं पहिल्या खंडापासून आहेत. 1899 मध्ये स्टड मोडला, तट्टं विकली गेली, पण तोवर सुंदर तट्टू कसं असतं हे ठरून गेलं होतं. आज रिंगणात "भर" शोधणारा हात तिथून आलाय, कोळशाचा डबा कोण जास्त ओढेल हे चाचपणारा. काजळच्या वंशावळीतही मागे गेलं की ब्रेसीचं नाव येतंच. ज्या खाणीसाठी तिची पणजी-खापरपणजी घडवली ती खाण कधीच बंद झाली. गवत मात्र वाढतंय.

आमच्या आजी मूळच्या शेटलंडच्या, त्यांच्याकडचा फोटो यापेक्षा वेगळा आहे. त्यांच्या लहानपणचा, गावच्या सामाईक डोंगरावरचा. दोन्ही बाजूंना टोपल्या लावून पीटचं, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या मातीचं, जळण घरी आणणारी तट्टं. पाय बारीक, मान हलकी, पोट खपाटीला नाही आणि सुटलेलंही नाही. काजळला त्यांतल्या कुणाशेजारी उभी केली तर वेगळी काढता येणार नाही. आजी त्या फोटोबद्दल फार बोलत नाहीत. ते बेट, ती तिथल्या लेरविक गावातली ऑक्टोबरातली तट्टांची विक्री, त्यात गेलेलं त्यांचं ते एक तट्टू. असो.

पण मी कोळशाच्या इतिहासावर का चिडतेय? ते वाक्य तिथे टोचलेलं नाहीये.

लहानपणी बाबा मला खरसुंडीच्या यात्रेला घेऊन जायचे. सिद्धनाथाचं दर्शन व्हायचं, पण खरं जाणं बाजारासाठी. खिल्लार बैलांच्या रांगाच्या रांगा, दावणीला बांधलेले, शिंगं तासून तेल लावलेली. बाबा खोंडाचं तोंड उघडून दात बघायचे, पाठीवर थाप मारायचे आणि मग बैलाकडे नाही, बैलाच्या मालकाकडे बघायचे. म्हणायचे, "जनावराच्या अंगावर धन्याचं मन दिसतं." हडकलेला बैल दिसला की काही न बोलता पुढे सरकायचे. त्या मालकाकडे मी वळून बघायचे. मान खाली घालून उभा असायचा.

काल मला त्या माणसासारखं वाटलं. हेच आहे ते. शंभर माणसांसमोर कोणीतरी मला सांगितलं की तू हिला पोटाला घालत नाहीस. ते तसं म्हणाले नाहीत, त्यांच्या मनातही नव्हतं, पण मला तेच ऐकू आलं. आणि ते मी, जिच्या घरी आलेला माणूस खाल्ल्याशिवाय परत गेलेला नाही. जिने आजारपणात, परीक्षेत, भांडणात, सगळ्यावर खायला घालणं हाच इलाज शिकलाय. माझ्यावर जीव असलेल्या मुक्या जनावराला मी रोज अर्धपोटी ठेवते आणि वर त्याला प्रेम म्हणते. ते प्रेमच आहे, डॉक्टरीणबाई सांगतात, तिचे थंड खूर सांगतात. पण जगाला दाखवता येईल असं त्यात काही नाही. चांगलं पोसलेलं अंग दिसतं. टळलेलं आजारपण कुणाला कसं दिसणार? ते भिजवलेल्या वैरणीचे टब, थंडीत बधिर झालेली बोटं, रात्री टॉर्च घेऊन खूर चाचपायला गेलेली मी, हे कुणालाच...

इथे पेन थांबलं होतं. चहा करून आले. आता जरा बरं वाटतंय.

काल संध्याकाळी तट्टं उतरवल्यावर आजी गाडीत बसल्या बसल्या म्हणाल्या, "परत एकदा पळव तिला." मी दमले होते. तरी पळवली, अंगणातल्या खडीवरून, फाटकापर्यंत आणि परत. त्या खाली वाकून फक्त पाय बघत होत्या. खडीवर काजळ खाडखाड आली, एकदाही पाऊल आखडलं नाही, एकदाही मऊ कडेकडे ओढ घेतली नाही. त्या एप्रिलात हीच घोडी याच खडीवर दोन पावलं टाकायला तयार नव्हती. आजी म्हणाल्या, "हं." मग म्हणाल्या, "अगं, माझ्या आईने हिला लगेच घेतली असती." आणि खिडकीची काच वर केली. त्यांना थंडी वाजत होती.

काल ते ऐकून मला काहीच वाटलं नव्हतं, कारण डोक्यात ते दुसरं वाक्य होतं. आज दोन्ही वाक्यं शेजारी शेजारी ठेवून बघतेय. परीक्षकांना प्रत्येक घोडीमागे किती वेळ मिळतो? दोन-तीन मिनिटं. त्या वेळात त्यांनी समोर उभं असलेलं अंग पाहिलं, जसं बघायला शिकले तसं पाहिलं आणि मनात होतं ते तोंडावर सांगितलं. न सांगता पुढे जाणारेही असतात. काही परीक्षक आता जाड मानेच्या तट्टांना मुद्दाम खाली उतरवतात असं ऐकते, पशुवैद्य तर कधीचे ओरडतच आहेत. नजर बदलायला वेळ लागेल. तोवर काजळ पाचवी येईल, कधी तिसरी येईल, कधी रिकाम्या मोरखीने परतेल. तिला त्यातलं काही कळत नाही. तिला रिंगणातली दुसरी तट्टं आवडतात, लाउडस्पीकर आवडत नाही, आणि परत आल्यावर ट्रेलरच्या उताराला अंग घासायला आवडतं.

नंबरासाठी तिला दोन महिने मोकळी सोडावी, मग परत उतरवावी, हा विचार काल रात्री एकदा आला होता. इथे कितीतरी जण तसं करतात. आज लख्खपणे सांगते, मी करणार नाही. ज्यांना हलकी वाटते त्यांनी हलकी म्हणावं. पुढच्या वेळी कुणी म्हटलंच तर सांगेन की हिला लॅमिनायटिस होऊन गेलाय आणि हे वजन ठरवून राखलंय. हे काल तोंडातून का निघालं नाही कोण जाणे. रिंगणात बोलायचं नसतं म्हणून असेल. पण वर्ग संपल्यावर तंबूपाशी चहाच्या रांगेत ते माझ्या पुढेच उभे होते, तिथे बोलता येईल. भांडायला नाही. त्यांनीही घरी तट्टं पाळलीत, त्यांच्या कुरणातही एप्रिल येतोच.

ऑगस्टअखेरच्या प्रदर्शनाचे अर्ज या आठवड्यात पाठवायचेत. काजळचा भरून ठेवला. आजींच्या दोन वर्षांच्या खोंडशिंगराचाही भरलाय, त्यांना न विचारता, कारण विचारलं तर नाहीच म्हणतील, आणि यंदा त्याला बाहेर काढायलाच हवं. त्याला कोण पळवणार हे ठरायचंय. लेकीने नाही म्हटलेलं नाही. पांढरी मोरखी एकच आहे, दुसरी मागवायला हवी. आणि उद्या सकाळी तार दोन पावलं सरकवायची, दोनच, कारण आज पाऊस झालाय आणि रात्रीत गवत चढणार.