लॅमिनेटची परीक्षा श्रावणात, काम माघात

कोकणातल्या घरात जमिनीवरचं लॅमिनेट (लाकडासारख्या दिसणाऱ्या, एकमेकांत अडकवायच्या पट्ट्या) बिघडलं की पहिला संशय बादली-फडक्यावर जातो. तोही खरा असतो. पण सांडलेलं पाणी दिसतं, पुसता येतं. जांभ्याच्या जोत्यातून जो ओलावा वर चढतो, तो दिसत नाही. जांभा सच्छिद्र दगड आहे. पावसाचे चार महिने तो पाणी पितो आणि हळूहळू वर सोडत राहतो. त्यामुळे दुकानात डिझाइन पसंत करण्याआधी एकदा जमीन तपासा. आणि ती भर पावसात तपासा. एप्रिलमध्ये कुठलीही जमीन कोरडीच निघते, त्या चाचणीला काही अर्थ नाही.

चाचणी सोपी आहे. दोन बाय दोन फुटांचा पारदर्शक, जाड प्लॅस्टिकचा तुकडा घ्या. जमीन पुसून कोरडी करा आणि तुकड्याच्या चारही कडा रुंद टेपने हवाबंद चिकटवा. एक तुकडा खोलीच्या मध्यावर आणि एक बाहेरच्या भिंतीला लागून लावा. तीन दिवस हात लावू नका. नंतर प्लॅस्टिकच्या खालच्या अंगाला थेंब दिसले किंवा खालचा कोबा काळपट पडला, तर ओल जमिनीतून येते आहे. प्लॅस्टिकच्या वर पाणी धरलं असेल आणि खाली सगळं कोरडं असेल, तर तो हवेतला दमटपणा थंड लादीवर जमला आहे. आपल्याकडे ‘लादीला घाम आला’ म्हणतात तो हाच. घाम आलेल्या जमिनीवर लॅमिनेट चालतं. ओल चढणाऱ्या जमिनीवर ते दोन पावसाळेही धड काढणार नाही.

अशा जमिनीवर नुसतं प्लॅस्टिक अंथरून भागेल असं सांगणारे भेटतात. त्यांचं ऐकू नये. २०० मायक्रॉनचा कागद बाष्प अडवतो. पण खाली पाणी साचत राहिलं तर ते भिंतीच्या कडेने वाट काढतं आणि स्कर्टिंगच्या (भिंतीच्या पायथ्याशी लावलेल्या पट्टीच्या) मागे बुरशी धरते. खरा इलाज खालूनच करावा लागतो. जुनी जमीन काढायची, सोलिंगवर (खालच्या दगडांच्या थरावर) प्लॅस्टिक अंथरायचं, त्यावर चार इंची काँक्रीट आणि वर कोबा. पुढे वाळायला वेळ द्यायचा. दर इंचाला एक महिना हा ढोबळ हिशेब आहे. दिवाळीनंतर लगेच घातलेलं काँक्रीट शिमग्याच्या सुमारास तयार होतं, किनाऱ्यावर थोडं जास्तच धरा. एवढा खर्च करायचा नसेल तर तळमजल्याला टाइल बरी. एसपीसीच्या पट्ट्यांचा गाभा चुनखडीची पूड आणि पीव्हीसीचा असतो, तो फुगत नाही. पण पट्टी टिकली तरी खालचा कुबट वास जात नाही. शेणाने सारवलेल्या जमिनीवर यातलं काहीच घालू नये. स्लॅबच्या वरच्या मजल्याला मात्र लॅमिनेट खुशाल घाला, फक्त स्लॅबला वरून किंवा बाथरूमच्या भिंतीतून गळती नाही ना ते बघा.

माल निवडताना जाडीच्या मोहात पडू नका. पट्टीचा गाभा दाबलेल्या लाकडी तंतूंचा, म्हणजे एचडीएफचा असतो. तो एकदा पाणी प्याला की फुगतो आणि वाळल्यावरही मूळ जाडीवर येत नाही. १२ मिमीची पट्टी ८ मिमीपेक्षा पायाला भक्कम लागते, पण म्हणून पाण्यापुढे जास्त टिकते असं नाही. घरात झिजेचा दर्जा एसी ३ पुरतो. समुद्राकाठच्या घरात पायांना लागून वाळू आत येते आणि ती सॅंडपेपरचंच काम करते, म्हणून ओटीकडून थेट आत येणाऱ्या खोलीला एसी ४ घ्या.

आता हिशेब. १२ बाय १० फुटांची खोली आणि १२१५ बाय १९५ मिमीची पट्टी धरू. पेटीत ८ पट्ट्या येतात, म्हणजे साधारण २०.४ चौरस फूट. १२० चौरस फुटांवर १० टक्के घट धरली तर १३२, म्हणजे ७ पेट्या. सगळे इथेच थांबतात. पण कागदावर ओळी मांडून बघाव्यात. १२ फूट म्हणजे ३६५८ मिमी. दोन्ही टोकांना १० मिमी जागा सोडली की उरले ३६३८. पहिल्या ओळीत दोन पूर्ण पट्ट्या आणि १२०८ मिमीचा तुकडा बसतो. दुसरी ओळ ४०५ मिमीच्या तुकड्याने सुरू करा, म्हणजे दोन पूर्ण पट्ट्यांनंतर ८०३ मिमी उरतात आणि त्याच कापलेल्या पट्टीचा दुसरा भाग तिथे जातो. तिसरी ओळ ८१० ने सुरू करा, शेवटी ३९८ लागतात, तेही त्याच पट्टीतून निघतात. चौथी पुन्हा पहिलीसारखी. सांधे आपोआप ४०० मिमीने सरकतात (निदान ३०० तरी हवेतच) आणि प्रत्येक ओळीला बरोब्बर तीन पट्ट्या लागतात. एक मात्र लक्षात ठेवा. पट्टी कापली की उजव्या भागाला कारखान्यातला उजवा लॉक (शेजारच्या पट्टीत अडकणारी कड) राहतो, म्हणून ओळीच्या सुरुवातीला तोच भाग चालतो आणि डावा शेवटी. उलट केलंत तर तुकडे जुळणार नाहीत.

रुंदीत १० फूट म्हणजे ३०४८ मिमी. कडेची जागा सोडून ३०२८ भागिले १९५ म्हणजे साडेपंधरा ओळी. शेवटची ओळ सुमारे १०३ मिमीची येते, ते ठीक आहे. ती ५० मिमीपेक्षा बारीक येत असेल तर पहिल्या ओळीची रुंदी कापून दोन्हीकडे वाटून घ्या. एकूण १६ ओळी, ४८ पट्ट्या, नेमक्या ६ पेट्या. सातवी तरीही घ्याच. एखादी पट्टी लॉकवरच मोडते, आणि तीन वर्षांनी त्याच रंगाचा माल मिळेलच असं नाही. उरलेली पेटी आडवी, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून वरच्या मजल्यावर ठेवा.

खोलीतच ४८ तास पेट्या आडव्या ठेवून द्याव्यात. भिंतीला टेकवून उभ्या केल्या तर पट्ट्यांना बाक येतो. काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उरकावं. तेव्हा माल त्यातल्या त्यात आकसलेला असतो आणि सोडलेली १० मिमी जागा पावसाळ्यात फुगायला पूर्ण उपयोगी पडते. पावसात घातलेली जमीन हिवाळ्यात सांध्यांवर उघडते.

जमिनीचा सपाटपणा दोन मीटरच्या ॲल्युमिनियम पट्टीने बघा. खाली ३ मिमीपेक्षा जास्त फट नको. उंचवटा घासून काढायचा, खळगा सेल्फ लेव्हलिंग कंपाउंडने भरायचा. चालताना पट्टी दबून ‘खट’ आवाज येतो त्यामागे बहुतेक वेळा हेच असतं. यावर कोणी दुहेरी फोम घालतात, आणि तिथेच लॉक तुटतात, कारण मऊ गादीवर प्रत्येक पावलाला सांधा वाकतो. फोम एकच, २ मिमीचा. त्याच्याखाली प्लॅस्टिक, जोडावर २० सेंमी एकमेकांवर चढवून टेप मारलेलं आणि भिंतीवर ५ सेंमी वळवलेलं. जादा प्लॅस्टिक स्कर्टिंग बसवताना कापायचं.

बसवणं त्यामानाने सोपं. पहिल्या ओळीची भिंतीकडची जीभ (खाचेत जाणारी पातळ कड) कापा आणि भिंतीला १० मिमीच्या पाचरी लावा. पुढची पट्टी २०-३० अंशांत तिरकी धरून खाचेत घाला आणि खाली दाबा. हातोडी थेट पट्टीवर कधीच नको, मधे ठोकळा हवा. चिरेबंदी घरात भिंत सहसा सरळ नसते, म्हणून पहिली ओळ भिंतीच्या नव्हे, दोरीच्या रेषेत ठेवा आणि भिंतीकडची बाजू मापाने कापा. उंबऱ्याला पट्टी टेकवू नका. तिथेही १० मिमी जागा सोडून वर ती झाकणारी प्रोफाइल पट्टी लावा. एका सलग तुकड्याची लांबी ८ मीटरच्या पुढे न्यायची नाही. माजघरातून ओटीपर्यंत एकसंध जमीन हवी असा हट्ट असेल तर दारात टी-प्रोफाइल येणारच. दाराची फळीही तपासा. फोम आणि पट्टी मिळून १० मिमी उंची वाढते, म्हणून फळी खालून १२-१३ मिमी रंधून घ्यावी. स्कर्टिंग एमडीएफचं घेऊ नका, जांभ्याच्या भिंतीच्या पायथ्याशी ते पहिल्याच पावसात फुलतं. पीव्हीसीचं घ्या, आणि ते भिंतीला पक्कं करा, जमिनीला नाही.

बिघाड ओळखायला त्याची जागा बघायची. सांध्यांच्या कडा सगळीकडे थोड्या थोड्या उंच झाल्या असतील तर ओलं फडकं दोषी आहे. रोज बादली घेऊन लादी पुसायची सवय इथे मोडावी लागते, घट्ट पिळलेला मायक्रोफायबर पुरतो. मधोमध जमीन छपरासारखी उचलली असेल तर कडेची जागा कुठेतरी अडली आहे: पाचर काढायची राहिली, सिमेंट सांडलं, चौकटीला पट्टी भिडली, नाहीतर कोणी दाराचा स्टॉपर पट्टीतून आरपार स्क्रूने मारला. बांधीव कपाट पट्ट्यांवर उभं केलं तरी हेच होतं. स्कर्टिंग काढा, अडलेली कड शोधून १० मिमी कापा आणि एक-दोन आठवडे तशीच मोकळी सोडा. गाभा फुगलेला नसेल तर जमीन आपसूक बसते. फक्त टोकाचे सांधे उघडले असतील तर काचवाल्याच्या सक्शन कपने पट्टी मागे ओढून घेता येते. एकाच कोपऱ्यात पट्टी काळी पडून पोकळ वाजत असेल तर पाण्याआधी वाळवी बघा. एचडीएफ तिला लाकडाइतकाच गोड लागतो. भिंत आणि जमिनीच्या सांध्यात दर ३० सेंमीवर १२ मिमीची भोकं पाडून औषध सोडतात, ते काम पट्ट्या घालण्याआधीच करून घ्यायचं असतं. नंतर सगळं उचलावं लागतं.

माडीच्या कडीपाटावर, म्हणजे लाकडी कड्यांच्या (तुळयांच्या) मजल्यावर, खरं लाकूड घालणार असाल तर गणित वेगळं. ओलाव्याच्या दर टक्क्यामागे सागाची रुंदी साधारण ०.२ टक्के बदलते. कोरड्या दिवसांत १२ टक्क्यांवर असलेली ९० मिमीची फळी पावसात १८ वर गेली तर जवळपास १ मिमी रुंदावते. तीन मीटरच्या खोलीत अशा ३३ फळ्या, म्हणजे तीन सेंटिमीटरच्या पुढे. म्हणून फळ्या अरुंद घ्याव्यात आणि वखारीतून आणल्यावर मधे पट्ट्या घालून सावलीत रचून ठेवाव्यात. ओलावामापक १२ ते १४ दाखवेपर्यंत हात लावू नये. लोखंडी खिळा खाऱ्या हवेत गंजतो आणि ऐनासारख्या लाकडात काळे डाग पाडतो, त्यामुळे स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच. फळी करकरत असेल तर आधी सांध्यात शंखजिऱ्याची पूड घालून बघा, नाहीतर भोक पाडून कडीपर्यंत स्क्रू घ्या. काजूच्या सालीचं तेल फळीच्या खालच्या अंगाला आणि कड्यांना लावतात, कीड दूर राहते. वरच्या अंगाला नको, ते काळं पडतं. हातमोजे घाला, कातडी भाजते.

घर वर्षभर बंद राहत असेल तर जाताना जमिनीवरच्या सतरंज्या, प्लॅस्टिकच्या चटया आणि गाद्या उचलून ठेवा, कारण बुरशी त्यांच्याच खाली धरते. समोरासमोरचे दोन झरोके जाळी लावून उघडे ठेवा. गणपतीला दार उघडल्यावर जमीन उचललेली दिसली तर त्याच दिवशी कापाकापी करायला बसू नका. पंखे लावा, खिडक्या उघडा, कडेचं स्कर्टिंग काढा आणि विसर्जनानंतर पुन्हा माप घ्या.