दांडपट्ट्याला कोणता फासा द्यायचा?

डन्जन्स अँड ड्रॅगन्स म्हणजे फासे टाकत आपापल्या पात्रांची गोष्ट पुढे नेण्याचा खेळ. त्याची पाचवी आवृत्ती, 2014 च्या नियमांची, आम्ही मराठीतून खेळतो. बडोद्यात, दांडिया बाजारातल्या मामांच्या घरी, शनिवारी रात्री. डन्जन मास्टर, म्हणजे गोष्ट आणि नियम सांभाळणारा, मी. नवी मोहीम घाटातल्या किल्ल्यांवर घडवायची ठरली तेव्हा मामेबहीण म्हणाली, "दादा, गडावर रेपियर घेऊन मी नाही फिरणार. मला पट्टा हवा." मागणी रास्त होती. नियमपुस्तकात रेपियर ही युरोपातली सडपातळ तलवार आहे, पण पट्टा नाही, विटा म्हणजे दोरी बांधलेला भालाही नाही. म्हणजे नियम घरीच बनवायचे, आणि तेही असे की तिने पट्टा उचलल्यावर बाकीच्यांच्या तलवारी निकामी ठरू नयेत.

सुरुवात मी पुस्तकातल्या शस्त्रांच्या तक्त्यापासून केली. तो ताडून पाहिला की कुठल्या गुणासाठी काय मोजावं लागतं ते कळतं. रेपियरचा फासा डी8, म्हणजे आठ बाजूंचा; वार लागला की त्यावर पडेल तेवढी इजा, सरासरी 4.5. चाबूकही रेपियरसारखाच ताकदीऐवजी चपळाईवर चालतो, वर 10 फुटांपर्यंत पोचतो. पण त्याचा फासा डी4, सरासरी 2.5. पाच फूट जास्तीच्या पोचेसाठी दोन गुण गेले. दोन हातांनी धरायच्या मोठ्या तलवारीला 2डी6 (सहा बाजूंचे दोन फासे), म्हणजे सरासरी 7, आणि लांब दांड्याच्या हॅलबर्डला डी10, म्हणजे 5.5. तिथे तीच पोच दीड गुणाला मिळते.

नुसत्या सरासरीवर मात्र भागत नाही. मोठी कुऱ्हाड डी12 ची, सरासरी 6.5. मोठ्या तलवारीपेक्षा अर्धाच गुण कमी. पण 1 किंवा 2 पडला तर फासा पुन्हा टाकू देणारी लढाऊ शैली जोडली की कुऱ्हाड 7.33 वर जाते आणि तलवार 8.33 वर. अर्ध्याचा फरक एकाचा झाला. म्हणून नवं शस्त्र आधी टेबलावरच्या प्रत्येक पात्राच्या हातात देऊन बघायचं, हा माझा आग्रह असतो.

पट्ट्याचं पातं लांब, म्हणून 10 फुटांची पोच द्या, असं दोघांचं म्हणणं होतं. मला ते पटेना. याच दांडिया बाजारात 1880 पासून जुम्मादादांचा आखाडा आहे, प्रोफेसर माणिकरावांनी नावारूपाला आणलेला. आमच्या आळीत तरुणपणी पट्टा फिरवलेले एक काका राहतात. त्यांच्याकडे गेलो. काकांनी कोपऱ्यातली काठी उचलली, डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट आवळलं आणि म्हणाले, "बघ, मूठ अशी कोपरापर्यंत चढते. मनगट वळतच नाही. सगळं काम खांद्याचं." मग त्यांनी काठी फिरवली आणि मला भिंतीला चिकटून उभं राहावं लागलं.

"आणि काका, मध्येच दार उघडायचं झालं तर?"

"दुसरा हात कशाला दिलाय देवाने?"

नियम तिथेच सापडला. फासा रेपियरचाच, डी8. जादा पोच नाही. पट्टा कुणी हातातून पाडू शकत नाही. पण तो चढवायला एक ॲक्शन (आपल्या पाळीतली मुख्य कृती), उतरवायला एक ॲक्शन, आणि चढवलेला असताना त्या हाताने ना दोर धरता येत, ना औषधाची कुपी, ना मंत्राची मुद्रा करता येत. शेजारच्या पाच फुटांत आपलाच माणूस उभा असेल तर वार डिसॲडव्हान्टेजने, म्हणजे फासा दोनदा टाकून कमी पडलेला धरायचा. वार लागला का ते वीस बाजूंच्या फाशावर ठरतं, आणि तिसऱ्या पातळीवर बहिणीला त्यात +5 मिळतात. समोरच्याचा आर्मर क्लास, म्हणजे वार लागायला गाठायचा आकडा, 15 असेल तर 55 टक्के वेळा लागतो, अगदी रेपियरइतकाच. फरक पडतो तो कुठे उभं राहायचं यात. आता ती फळी सोडून पुढे जाते आणि बाकीचे तिला जागा करून देतात. मला हेच हवं होतं.

बिचव्याला नवा नियम केलाच नाही. खंजिराचे आकडे, फक्त नाव बदललं.

विट्याने मात्र दमवलं. पाचेक फुटी भाला, बुडाला दोरी, दोरी मनगटाला. फेकायचा आणि ओढून घ्यायचा. पुस्तकातली जॅव्हलिन डी6 ची, 30 फूट सहज आणि 120 पर्यंत अवघड. विट्याला डी6 ठेवला, पण पल्ला 20 फूट आणि त्यापुढे काहीच नाही, कारण दोरी तेवढीच. ओढायला बोनस ॲक्शन (पाळीतली एकच जादा छोटी कृती), त्यामुळे पाचव्या पातळीवर दोन वार मिळाले तरी विटा दर फेरीला दोनदा फेकता येत नाही.

पहिल्याच लढाईत विटा तटावरून ओगर नावाच्या राक्षसाच्या खांद्यात रुतला. ओगरने दोरी मुठीत धरून हिसका दिला. ॲथलेटिक्सची झुंज लावली, म्हणजे दोघांनी फासा टाकायचा, ज्याची बेरीज जास्त तो जिंकला. ओगरचं बळ 19, म्हणजे +4. आमचा गडी हरला आणि 20 फूट खाली आला, 2डी6 ची इजा घेऊन. टेबलावर आरडाओरडा. झुंजीचा नियम सगळ्यांनी तसाच ठेवायला सांगितला, फक्त एक भर घातली: हिसका बसताच रिॲक्शन (दुसऱ्याच्या पाळीतही करता येणारी झटपट कृती) खर्चून मनगटाचा फास सोडता येतो. मग विटा शत्रूकडे राहतो.

आता माडू उरलाय, हरणाच्या शिंगांची ती छोटी ढाल. पुस्तकातली ढाल आर्मर क्लासला +2 देते. माडूला +1 आणि बोनस ॲक्शनने डी4 चा टोचा, असा कच्चा नियम लिहिलाय. बोनस ॲक्शन दर फेरीला फुकट मिळाली तर तो ढालीपेक्षा वरचढ होईल, अशी शंका आहे. म्हणून आधीच्या फेरीत शत्रूचा वार चुकला असेल तरच टोचा, ही अट घालून येत्या शनिवारी चालवून बघणार आहोत.