आज बीअर बाटलीत गेली

आजचा दिवस बाटल्या भरण्यात गेला. घरी बीअर करण्यातला मला सर्वांत आवडणारा भाग हाच. हायड्रोमीटरचा (द्रवाची घनता मोजणाऱ्या उपकरणाचा) आकडा दोन-तीन दिवस जागचा हलला नव्हता, म्हणजे आंबणं पूर्ण झालं होतं. ही खात्री करायलाच हवी. आधीची साखर शिल्लक असताना झाकण लावलं तर जास्त वायू तयार होऊन बाटली फुटू शकते.

मग फेसासाठी मोजून, लिटरला साधारण ६ ग्रॅम साखर पाण्यात उकळून, गार करून बीअरमध्ये मिसळली. अगदी हलक्या हाताने, कारण आता हवा मिसळली की पुढे ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येतो. बीअरमध्ये उरलेलं यीस्ट ही साखर खातं, कार्बन डायऑक्साइड सोडतं आणि झाकण बंद असल्याने तो आतच विरघळतो. वरून वायू न भरता फेस येतो, याचं मला अजूनही नवल वाटतं!

आता २० अंशांच्या आसपास, अंधारात, निदान दोन आठवडे. लगेच फ्रिजमध्ये ठेवलं तर यीस्टचं काम थंडावतं. जास्त अल्कोहोलच्या गडद बीअरला कधी महिनेही लागतात, आणि ते द्यावेतच. प्यायच्या आदल्या दिवशी मात्र फ्रिज हवा, म्हणजे गाळ तळाशी घट्ट बसतो. ओतताना तो बाटलीतच राहू द्यायचा.